पितळ, रसक आणि जस्त

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू होय. तेव्हा घटकाचे नाव आधी आणि मिश्रणाचे मागाहून रूढ झाले असावे, असे कोणासही वाटेल. भाषेचा पुरावा याच्या नेमका उलट आहे. अमरकोशात पितळेस ‘रीति’ व ‘आरकूट’ अशी नावे आहेत. जस्तास नाव नाही. साधारणतः १३व्या शतकातील मानला जाणारा ‘रसरत्नसमुच्चय’ सोने, रुपे, तांबे, लोखंड, शिसे व कथील एवढेच अमिश्र धातू मोजतो आणि पितळेस मिश्र धातूंत बसवितो.

याचे कारण कोशात नसून भट्टीत सापडते. तांबे भट्टीत द्रवरूपाने तळाशी साचते. जस्ताचे खनिज भाजून कोळशासह तापविल्यास सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या पुढे धातू मोकळा होतो खरा. परंतु तो ९०७ अंशांवरच उकळणारा असल्यामुळे वाफेच्याच रूपाने बाहेर पडतो आणि हवा लागताच त्याचे पांढरे भस्म होते. म्हणून जुने कारागीर तांब्याचे तुकडे, ‘रसक’ नावाचे खनिज व कोळसा बंद मुशीत एकत्र तापवीत. वाफ तांब्यात मुरे आणि पितळ सिद्ध होई. मात्र जस्ताचे प्रमाण शेकडा २८च्या फारसे वर जात नसे. कारागिराच्या लेखी रसक ही तांबे पिवळे करणारी माती होती. तीत धातू दडलेला आहे, हे त्यास दिसण्याचा संभवच नव्हता.

ही वाफ पकडण्याची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे मोठ्या प्रमाणावर साधली. १९८०च्या दशकातील उत्खननात तेथे वांग्याच्या आकाराच्या मुशी भट्टीत उलट्या मांडलेल्या, एकेका भट्टीत छत्तीस, अशा आढळल्या. वर अग्नी, खाली थंड कोठी; वाफ खालच्या नळीतून उतरून थिजे. रसरत्नसमुच्चयातील ‘वृन्ताकमूषा’ हे नाव कविकल्पना नव्हे, हे यावरून कळते. तरीही तो ग्रंथ या धातूस रसकाचे ‘सत्त्व’ म्हणतो व त्यास कथिलाची उपमा देतो. हाती आलेल्या वस्तूस अद्याप स्वतःचे नाव नव्हते.

१६व्या शतकातील ‘भावप्रकाशा’त मात्र ‘यशद’ सात धातूंत येऊन बसतो. या शब्दाची ‘यश देणारा’ अशी फोड करण्याचा मोह आवरावा. गुजरातीत ‘जसत’, हिंदीत ‘जस्ता’, मराठीत ‘जस्त’ अशी रूपे आहेत. आणि ‘यश’चे ‘जस’ होते हे ठाऊक असलेल्या पंडिताने लोकभाषेतील ‘जसद’ उलट दिशेने संस्कृतात नेला असावा, हेच अधिक संभवनीय आहे. खाणीतून निघालेला शब्द पोथीत गेला.

आज जस्त बहुतांशी विद्युत्-विश्लेषणाने काढतात आणि त्याचा सर्वांत मोठा उपयोग लोखंडास गंजापासून राखण्याकडे होतो. त्यातूनच मराठीस ‘जस्ती’ हे विशेषण मिळाले. जस्ती बादलीत बहुतेक सारे लोखंडच असते.