जंतूंचे विष आणि रक्ताचा रिपोर्ट

भातलावणीसाठी माणसे चिखलात उतरली, की आमच्या अलिबाग-मुरुडच्या बाजूला दवाखान्यांतली गर्दी वाढते. मग ओटीओटीवर एकच चर्चा : 'पेशी कमी झाल्या, म्हणजे डेंग्यूच!' मी कलाशाखेचा विद्यार्थी. तरीही हे आकडे काय सांगतात, हे समजून घ्यावेसे वाटले.

जंतू मेला तरी त्याच्या शरीरातले द्रव्य विषारी असू शकते, हे जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड फायफर यांनी १८९२ साली कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना दाखवले. त्याला 'अंतर्विष' म्हणता येईल. हेच फायफर १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईस आले होते.

असे विष रक्तात मिसळले की पांढऱ्या पेशी प्रथम रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. त्यामुळे काही काळ त्यांची संख्या घटलेली दिसते. नंतर अस्थिमज्जा नव्या पेशी पाठवते आणि तीच संख्या ११,००० च्या वर जाते. यकृत सी.आर.पी. नावाचे प्रथिन तयार करू लागते; पण तेही रक्तात वाढलेले दिसायला सहा-आठ तास लागतात. म्हणजे एकाच रोग्याचे सकाळचे व संध्याकाळचे रिपोर्ट वेगळे येऊ शकतात, आणि तरी दोन्ही खरे असतात!

आता आपल्या चिखलाकडे वळू. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टोस्पायरा हा जंतू पायांच्या भेगांतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. याचे अंतर्विष तुलनेने सौम्य. पण हा जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो आणि प्लेटलेट घटतात. यकृताला झळ लागली की बिलिरुबिन वाढते, मूत्रपिंडाला लागली की क्रिॲटिनिन. डेंग्यूतही प्लेटलेट उतरतात, परंतु तो विषाणूचा आजार. त्यात पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात. लेप्टोत त्या अनेकदा वाढतात. लेप्टोला प्रतिजैविके लागू पडतात, डेंग्यूला नाही. उपचाराचे दिवस वाया जातात ते येथेच.

लेप्टोची प्रतिपिंडांची तपासणीही पहिल्या चार-पाच दिवसांत बहुधा 'नाही' असेच सांगते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो.

तेव्हा मित्रहो, रिपोर्टातील आकडा हे शरीराने दिलेले उत्तर आहे. जंतूचे नाव त्यावर लिहिलेले नसते. ताप कोणत्या दिवशी आला आणि त्याआधी आपण शेतात किंवा पुराच्या पाण्यात उतरलो होतो काय, या दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. त्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या कागदावर छापून येत नाहीत.