समुद्राच्या पोटातलं टपाल

इगतपुरीचा पाऊस तुला काय सांगायचा! जून उजाडला की नुसती धार. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, आणि कपाटातून मागच्या वर्षीची वही काढावी तर पुठ्ठ्यावर पांढरी-हिरवी बुरशी! पानं फुगलेली आणि कुबट वास.

कागद आणि ओल यांचं मुळीच जमत नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. एका पावसाळ्यात वहीची वाट लागते.

मग आता हे ऐक. काही पत्रं समुद्राच्या तळाशी पडून होती. एक पावसाळा नाही, दोन नाही, तब्बल सत्तर वर्षं! आणि वर काढली तेव्हा त्यांतली कितीतरी वाचता आली! शाईने लिहिलेली अक्षरं, ओळीच्या ओळी!

खोटं वाटतंय ना? थांब, पहिल्यापासून सांगते.

ही पत्रं एका जहाजावर होती. जहाजाचं नाव काय असेल, ओळख बघू! गिरसप्पा! हो, धबधब्याचंच नाव! कर्नाटकात शरावती नदी २५३ मीटर उंचावरून खाली उडी मारते, तो जोगचा धबधबा. आपल्याकडची जुनी माणसं त्यालाच गिरसप्पा म्हणतात. तिथे त्या नावाचं गावही आहे. ब्रिटिश इंडिया नावाच्या कंपनीला आपल्या जहाजांना अशी इथली नावं द्यायची भारी हौस होती. पावसाळ्यात धबधबेच धबधबे पाहणाऱ्या तुला हे जहाज आवडणारच!

हे जहाज १९१९ साली इंग्लंडमध्ये बांधलं. लांबी १२५ मीटर. आपल्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीचे पाच डबे मोज, साधारण तेवढं लांब.

१९४० चा डिसेंबर. दुसरं महायुद्ध चालू होतं. जगातले कितीतरी देश एकमेकांशी लढत होते, आणि भारतावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. कोलकात्याच्या बंदरात गिरसप्पा भरलं. काय काय भरलं? लोखंड. सतराशे टनांहून जास्त चहा. (एवढा चहा! सगळ्या इगतपुरीने किती वर्षं प्यायला असता, कोण जाणे!) चांदीच्या विटा. आणि टपालाच्या थैल्या! भारतात राहणाऱ्या इंग्रज सैनिकांनी आणि इतर लोकांनी घरी लिहिलेली पत्रं. आई, मी बरा आहे. तू कशी आहेस? अशी साधी, मायेची पत्रं.

जहाजावर ऐंशीहून जास्त माणसं होती. त्यांतले बहुतेक जण आपले भारतीय खलाशी. भट्टीत कोळसा टाकणारे, दोर ओढणारे, स्वयंपाक करणारे. त्या काळी इंग्रजांच्या कितीतरी जहाजांवर असे हजारो भारतीय खलाशी काम करत. आपल्या कोकणातलेही पुष्कळ जण बोटीवर जायचे.

युद्धात समुद्रावर एकट्याने जाणं धोक्याचं असे. कारण पाण्याखाली जर्मन पाणबुड्या टपलेल्या असत! म्हणून जहाजं ताफा करून जायची. सहलीला तुमच्या बाई कशा सगळ्यांना रांगेत, एकत्र नेतात? अगदी तसंच. आफ्रिकेतल्या फ्रीटाउन बंदरातून ३० जानेवारी १९४१ ला असा एक ताफा इंग्लंडकडे निघाला. गिरसप्पा त्यात होतं.

पण उत्तर अटलांटिक समुद्रात वादळ आलं. थंडगार वारा, घरांएवढ्या लाटा! समोरून वारा आला की जहाजाला जोर जास्त लावावा लागतो, आणि कोळसा भराभर संपतो. कसारा घाट चढताना आपल्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात ना, बँकर? जहाजाला मागून ढकलणार कोण! ताफ्याबरोबर पोहोचण्याइतका कोळसा उरला नाही. गिरसप्पाला रांग सोडून जवळच्या आयर्लंडकडे वळावं लागलं. एकट्याने.

१६ फेब्रुवारीला पाणबुडीने त्याला गाठलं. पाणबुडीचा नंबर यू-१०१. तिने टॉर्पेडो सोडला. टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून सरळ धावत येणारा बॉम्ब. वीसएक मिनिटांत जहाज बुडालं.

काही जण लहान होडीत उतरले. भर हिवाळ्यात, उघड्या होडीत, शीड लावून ते तेरा दिवस जात राहिले. तेरा दिवस! प्यायला पाणी उरलं नाही. थंडीने एकेक जण गेला. १ मार्चला होडी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याला लागली, तेव्हा लाटांनी ती उलटवली. वाचला फक्त एक जण. रिचर्ड एअर्स नावाचा अधिकारी. बाकी सगळे गेले. हे सांगताना मलाही जड जातं, पण हे तुला माहीत असायला हवं.

आता जहाज कुठे गेलं ते बघू.

खाली. खूप खाली! किती खाली, सांग बघू? ४,७०० मीटर! नुसत्या आकड्याने काही कळत नाही, म्हणून आपली कळसूबाई घेऊ. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, उंची १,६४६ मीटर. पहिली कळसूबाई समुद्राच्या तळावर ठेव. तिच्या डोक्यावर दुसरी. तिच्या डोक्यावर तिसरी. तिसरीचा नुसता शेंडा पाण्याबाहेर डोकावेल! एवढं खोल! प्रसिद्ध टायटॅनिक जहाजसुद्धा याच्यापेक्षा जवळजवळ नऊशे मीटर वर आहे.

आणि तिथे पाण्याचा दाब किती? तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण पावणेपाचशे किलो. म्हणजे एका नखावर एक धष्टपुष्ट म्हैस उभी! बाप रे!

दाब म्हणजे काय ते तुला घरबसल्या, नाही नाही, गाडीत बसल्या बघता येईल. इगतपुरीला पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घे. झाकण घट्ट लाव. मुंबईला पोहोचल्यावर बघ, बाटलीचं पोट आत गेलेलं असेल! कोणी चेपली? हवेने! इगतपुरी उंचावर आहे, म्हणून इथे हवेचा दाब थोडा कमी. मुंबई समुद्रकाठी, तिथे थोडा जास्त. बाटलीत कोंडलेली हवा इगतपुरीची, बाहेरची मुंबईची. बाहेरचीने आतलीला दाबलं!

मग म्हशीएवढ्या दाबाखाली पत्रांचा चुरा कसा झाला नाही?

हाच तर गंमतीचा भाग! ती बाटली आता झाकण न लावता मुंबईला ने. काहीच होणार नाही! कारण आत-बाहेर सारखाच दाब. पत्रांच्या थैल्या भिजल्या, कागदाच्या कणाकणात पाणी शिरलं. आतही पाणी, बाहेरही पाणी, सगळीकडून सारखाच दाब. चेपणार कोण आणि कुणाला? हवा भरून बंद असलेली वस्तू मात्र तिथे फटकन चिरडली जाते.

बरं, चिरडली नाहीत. पण कुजली का नाहीत?

तुझ्या वहीला बुरशी का आली होती, ते आधी आठव. बुरशी म्हणजे बारीक बारीक जीव. त्यांना तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि हवा. कागद झाडाच्या धाग्यांचा, तो त्यांचा खाऊ! इगतपुरीच्या कपाटात पावसाळ्यात तिन्ही गोष्टी मिळतात, म्हणून त्यांची मेजवानी चालते.

समुद्राच्या तळाशी ओल भरपूर. पण ऊब? तिथलं पाणी दोन-तीन अंशांवर असतं. तुझ्या घरच्या फ्रिजपेक्षाही गार! आणि हा फ्रिज सत्तर वर्षांत एकदाही उघडला नाही, वीज गेली म्हणून बंद पडला नाही. एवढ्या गारठ्यात कुजवणारे जीव काम करतात, पण अगदी रेंगाळत.

आणि हवा? समुद्राच्या पाण्यात थोडा प्राणवायू विरघळलेला असतो, नाहीतर मासे जगलेच नसते. पण ही पत्रं एकमेकांवर घट्ट दाबून बसली होती, आणि वर गाळ साचलेला. गठ्ठ्याच्या आत जो काही प्राणवायू होता तो लवकरच संपला. नवा आत येईना! झालं, मेजवानी बंद!

आणखी एक. वर्तमानपत्र खिडकीत ठेवलं तर आठ दिवसांत पिवळं पडतं. ते काम उन्हाचं. समुद्रात हजार मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचतच नाही. तिथे दिवसाही मिट्ट काळोख! मग पत्रं पिवळी पाडणार कोण?

म्हणजे बघ, आपल्याला जो समुद्र भयंकर वाटतो, गारठलेला, काळाकुट्ट, त्यानेच ती पत्रं जपून ठेवली. मला तर हे वाचून किती वेळ दुसरं काही सुचेना!

पण ती सापडली कशी? खरं सांगू का, पत्रं कुणी शोधतच नव्हतं! शोध होता चांदीचा. २०११ साली ओडिसी मरीन नावाच्या अमेरिकन कंपनीने हे जहाज शोधून काढलं. आवाज पाण्यात सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा. उंटदरीच्या काठावर आपण ओरडतो तेव्हा आवाज परत येतो ना, त्याच युक्तीने! मग लांब तारेला बांधलेला यंत्रमानव खाली सोडला. त्याच्या दिव्यात काय दिसलं? जहाज तळावर सरळ बसलेलं! आणि कुशीत टॉर्पेडोचं भगदाड!

२०१२ आणि २०१३ मध्ये यंत्रमानवाच्या हातांनी चांदीच्या २,७९२ विटा वर काढल्या. एकेक वीट साधारण ३५ किलोची! पुढे त्यातल्या काही चांदीची नाणीही पाडली, आणि नाण्याच्या कडेवर जहाजाचं नाव कोरलं.

चांदी काढता काढता हाताला लागला एक चिखलाने माखलेला लगदा. तो कागद होता! मोजली तर सातशेहून जास्त पत्रं!

आता फार सांभाळायला हवं होतं. सत्तर वर्षं ओला असलेला कागद एकदम वाळवला तर चुरगळून तुकडे होतात. म्हणून तो आधी ओला आणि गारच ठेवायचा. मग चांगल्या पाण्याने मीठ हळूहळू धुऊन काढायचं. मग चिकटलेली पानं अलगद एकेक करून सोडवायची. साय काढताना आजीचा हात कसा चालतो, तसा हात लागतो! मग अगदी सावकाश सुकवायचं. २०१८ साली लंडनच्या टपाल संग्रहालयात ही पत्रं लोकांना बघायला ठेवली.

त्यात एक पत्र भारतातल्या एका सैनिकाचं होतं. इंग्लंडमधल्या त्याच्या मैत्रिणीने लग्नाला होकार कळवला होता. तो वाचून आपल्याला किती आनंद झाला, हे त्याने तिला लिहिलं होतं. पत्र बुडालं. तिला काहीच कळलं नाही. पुढे तिचं दुसऱ्याशी लग्न झालं.

आणि २०१८ मध्ये ती आजी हयात होती! वय ९९! पत्राचे फाटके तुकडे तिला दाखवले, आणि त्याने काय लिहिलं होतं ते तिने अखेर वाचलं. १९४० च्या हिवाळ्यात टाकलेलं पत्र होतं ते!