नेमलेल्या कादंबरीचा कंटाळा

पालकसभेंत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार दरवर्षीं ठरलेली असते. मुलगा एरव्हीं हातीं येईल तें वाचतो, परंतु शाळेंत नेमलेली इंग्रजी कादंबरी कांहीं केल्या उघडीत नाहीं. ह्या तक्रारीमागें एक समजूत दडलेली असते. ती ही कीं, ज्या पुस्तकास मोठमोठ्या विद्वानांनीं मान दिला, तें न आवडणें हा मुलाच्या वळणाचाच दोष असला पाहिजे. मुलांसही ही समजूत ठाऊक असते. म्हणून तीं उत्तरपत्रिकेंत 'ही कादंबरी मला अतिशय आवडली' असें लिहितात, आवडीचीं चार कारणें मार्गदर्शिकेंतून पाठ करितात, आणि मनांत इंग्रजी साहित्याविषयीं कायमची अढी धरून शाळेबाहेर पडतात. न आवडण्यापेक्षां हें आवडल्याचें सोंग आम्हांस अधिक चिंतेचें वाटतें. म्हणून ह्या कंटाळ्याचें मूळ कोठें आहे, हें येथें पाहण्याचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल एकच पुस्तक घेऊं. जॉर्ज एलियट ह्या पुरुषी नांवानें लिहिणाऱ्या मेरी ॲन एव्हान्स ह्या विदुषीची 'सायलस मार्नर' ही कादंबरी १८६१ सालीं प्रसिद्ध झाली. अमेरिकेंतील शाळांत तिनें कित्येक पिढ्या ठाण मांडिलें होतें, आणि सक्तीच्या वाचनाचें उदाहरण द्यावयाचें झालें म्हणजे तेथें आधीं तिचेंच नांव तोंडीं येई. आपल्या देशांतही केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१४ नंतर कांहीं वर्षें ती बारावीच्या इंग्रजीस नेमिली होती.

कथा अशी आहे. मार्नर हा हातमागावर काम करणारा गरीब विणकर. तो ज्या धर्ममंडळींत वाढला, तेथें त्याच्या जिवलग मित्रानेंच त्याजवर चोरीचा आळ आणिला. मंडळीनें चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेतला, आणि कौल त्याच्या विरुद्ध पडला. देवावरील व माणसांवरील विश्वास उडालेला हा मनुष्य दूरच्या रॅव्हिलो खेड्यांत येऊन राहतो, आणि पंधरा वर्षें कोणाशीं न मिसळतां विणून विणून मोहरा जमवितो. त्या मोहरा एके रात्रीं चोरीस जातात. पुढें वर्षाच्या अखेरच्या रात्रीं, बाहेर बर्फ पडलेलें असतां, एक सोनेरी केसांची लहानगी मुलगी त्याच्या उघड्या दारांतून आंत येऊन विस्तवापाशीं निजते. आणि अधू दृष्टीच्या त्या विणकरास क्षणभर वाटतें कीं आपलें सोनेंच परत आलें. तो तिला वाढवितो. सोळा वर्षांनीं, इतके दिवस गप्प बसलेला तिचा श्रीमंत बाप तिला न्यावयास येतो, तेव्हां ती जाण्याचें नाकारते.

ज्या घरांत पुरलेल्या हंड्याच्या, यशोदेच्या, किंवा मोशेला वाढविणाऱ्या फारोच्या कन्येच्या गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत, त्या घरांतील मुलास ह्यांत न समजण्याजोगें काय आहे? हीच कथा आम्ही वर्गांत मराठींतून सांगतों, तेव्हां मागच्या बाकांवरील मुलेंही मान वर करून ऐकतात. तेव्हां कंटाळा कथेचा नव्हे, हें उघड आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, असल्या बहुतेक कादंबऱ्या लेखकांनीं मुलांसाठीं लिहिल्या नाहींत, आणि ज्यांनीं त्या शाळेंत आणिल्या त्यांनींही मुलांची आवड पाहून आणिल्या नाहींत. हार्वर्ड विद्यापीठानें १८७४ सालच्या प्रवेशपरीक्षेसाठीं असा नियम केला कीं, उमेदवारानें कांहीं नेमलेल्या ग्रंथांतून काढलेल्या विषयावर एक लहानसा निबंध लिहावा. उमेदवारास शुद्ध इंग्रजी लिहितां येतें कीं नाहीं, हें पाहण्याचा त्यांत मुख्य हेतु होता. त्या यादींत शेक्सपिअरचीं नाटकें होतीं, गोल्डस्मिथची 'व्हिकार ऑफ वेकफील्ड' होती, स्कॉटची 'आयव्हॅन्हो' होती. मग इतर विद्यापीठांनींही याद्या काढिल्या, १८९४ च्या सुमारास त्या सर्वांची एकवाक्यता करण्याचा उद्योग झाला, आणि जें परीक्षेंत यावयाचें तेंच शाळा शिकवूं लागल्या. शिक्षकांस ह्याचा इतका जाच झाला कीं, १९११ सालीं शिकागो येथें इंग्रजीच्या शिक्षकांची जी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्या मुळाशीं ह्या याद्यांविषयींचा असंतोष हें एक मोठें कारण होतें.

असल्या याद्यांत 'सायलस मार्नर'ला जागा कां मिळाली असावी? आमच्या मतें मुख्य कारण तिचा आटोपशीरपणा. त्याच लेखिकेची 'मिडलमार्च' तिच्याहून कितीतरी थोर, परंतु ती शाळेच्या वर्षांत मावत नाहीं. 'मार्नर' एकवीस प्रकरणें व एक उपसंहार इतक्यांत संपते, पालकांनीं हरकत घ्यावी असें तींत फारसें कांहीं नाहीं, आणि तिचें तात्पर्य एका वाक्यांत सांगतां येतें. परीक्षकास ह्याहून सोयीचें तें काय? मुलांच्या वांट्यास मात्र तात्पर्य आधीं येतें आणि गोष्ट मागाहून.

परीक्षेच्या ह्या रीतींत आपण विलायतेच्याही पुढें होतों. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. ऑक्सफर्डनें इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषय केला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. म्हणजे आपले पूर्वज इंग्रज ग्रंथकारांवरील टीपा घोकीत होते, त्या काळीं ऑक्सफर्डचे विद्यार्थी तेच ग्रंथ सुटींत मौजेखातर वाचीत असत! आणि नेमलेलें बाजूस ठेविल्यावर आपली मंडळी आवडीनें काय वाचीत? तर रेनॉल्ड्स. १८४४ पासून साप्ताहिक अंकांनीं 'लंडनचीं रहस्यें' लिहिणाऱ्या ह्या कादंबरीकारास त्याच्या देशांतील विद्वानांनीं कधीं पंक्तीस घेतलें नाहीं. हिंदुस्थानांत मात्र त्याच्या पुस्तकांवर उड्या पडल्या व अनेक देशी भाषांत त्यांचीं भाषांतरें झालीं. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' ही त्याच्याच एका कादंबरीच्या धर्तीवर बेतलेली आहे; आणि तेच हरिभाऊ १८९० पासून 'करमणूक' पत्रांत 'पण लक्षांत कोण घेतो' लिहूं लागले. मुलाच्या उशाखालीं रहस्यकथा सांपडली म्हणून घाबरून जाणाऱ्या पालकांनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें.

आतां पुस्तकाकडे वळूं. मोहरा गेल्याचें कळतांच मार्नर धांवत सुटतो, आणि पांचव्या प्रकरणाच्या अखेरीस गांवच्या गुत्त्याच्या दाराशीं येऊन पोंचतो. पुढें काय होणार म्हणून वाचक उतावीळ झालेला असतो. आणि सहावें प्रकरण उघडतें तें गुत्त्यांत बसलेल्या मंडळींच्या गप्पांनीं! खाटीक आणि नालबंद एका गाईवरून हुज्जत घालीत आहेत. चर्चमधील एक वृद्ध गृहस्थ कोण्या जुन्या लग्नांत पाद्रीसाहेबांनीं शब्दांची उलटापालट कशी केली, तें चवीनें सांगत आहेत. मग भुतें असतात कीं नसतात ह्यावर वाद जुंपतो. आमच्या अनुभवास असें आलें आहे कीं, जीं मुलें हें पुस्तक सोडतात, त्यांतील बहुतेक ह्याच प्रकरणांत सोडतात. परंतु सातवें प्रकरण सुरू होतें, आणि भुताचा वाद ऐन रंगांत आला असतांना पांढराफटक पडलेला मार्नर एकाएकीं त्यांच्यामध्यें उभा राहतो. भूत नाहीं म्हणून पैज लावणारा नालबंदही दचकतो! ही गंमत साधावी म्हणूनच लेखिकेनें आपणांस तितका वेळ गाईच्या हुज्जतींत अडकवून ठेविलें होतें.

एका बैठकींत वाचणाऱ्यास हा विलंब अर्ध्या तासाचा आहे. वर्गांत त्याचे तीन आठवडे होतात. सोमवारीं गाय, बुधवारीं लग्न, मध्यें एक घटकचाचणी, आणि भूत येण्यापूर्वींच दिवाळीची सुटी लागते. कोणी म्हणेल, डिकन्सचे वाचक नव्हते का महिनेच्या महिने थांबत? 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १ डिसेंबर १८६० पासून आठवड्यास एक याप्रमाणें हप्त्यांनींच प्रसिद्ध झाली. खरें, परंतु तेथें हप्ता कोठें तोडावयाचा तें डिकन्स ठरवीत असे, येथें तें शाळेची घंटा ठरविते.

शब्दांची अडचणही खरी आहे, मात्र ती आपण समजतों त्या ठिकाणीं नसते. सोलापूर किंवा इचलकरंजीकडील मुलांस माग आणि धोटा समजावून सांगावा लागत नाहीं. चिठ्ठ्या टाकून कौल घेणें हेंही त्यांस परकें नाहीं. अडतें तें साध्या घरगुती शब्दांशीं. विणकराच्या खोपटांतील विस्तवाच्या जागेस मार्गदर्शिका 'चूल' म्हणून मोकळी होते, आणि मुलें विचारतात, हा मनुष्य सदा स्वयंपाकघरांत काय करितो? इंग्रज गरिबाच्या एका खोलीच्या घरांत ती जागा चूलही असते, शेकोटीही असते आणि बैठकही असते. मार्नर तेथेंच मांस भाजतो, तिच्याच उजेडांत मोहरा मोजतो, आणि तेथेंच ती मुलगी येऊन निजते. हें एकदां फळ्यावर चित्र काढून दाखविलें, म्हणजे शब्दार्थांच्या दोन पानांचें काम होतें.

इतकें करूनही कित्येकांस पुस्तक आवडत नाहीं, आणि न आवडो! नावड ही कांहीं अडाण्यांचीच मिरास नव्हे. शार्लट ब्राँटे ह्यांस जॉर्ज लूइस ह्या टीकाकारानें जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचण्याची शिफारस केली. तेव्हां त्यांनीं ती वाचून १८४८ सालीं त्यास स्पष्ट कळविलें कीं, हें पुस्तक आपणांस रुचलें नाहीं, त्यांतील रेखीवपणांत मोकळ्या रानाचा वारा कोठें लागत नाहीं. हाच लूइस पुढें जॉर्ज एलियटचा जीवनाचा सोबती झाला. ब्राँटे ह्यांचें मत आम्हांस पटत नाहीं, पण त्यांनीं पुस्तक वाचलें होतें आणि काय खटकलें तें नेमकें सांगितलें होतें. आमच्या विद्यार्थ्यांपासून आम्ही एवढेंच मागतों.

म्हणून अलीकडे आम्ही वर्गांत एक प्रश्न नेमानें घालतों: ह्या कादंबरींत तुम्हांस काय आवडलें नाहीं, व तें कोणत्या पानावर? प्रारंभीं मुलें बिचकतात. हा शिक्षकाचा कांहीं डाव असावा असें त्यांस वाटतें. मग उत्तरें येऊं लागतात. कोणी लिहितो, सहावें प्रकरण काढून टाकावें. (त्यास आम्ही सातव्याचें पहिलें पान मोठ्यानें वाचावयास लावितों.) कोणी लिहितो, बापास शिक्षा फारच थोडी झाली. ह्या वर्षीं एका मुलीनें मॉलीविषयीं लिहिलें. ती त्या लहानग्या मुलीची आई; अफूच्या आहारीं गेलेली, नवऱ्यानें लपवून ठेवलेली, मुलीला कडेवर घेऊन बर्फांतून त्याच्या वाड्याकडे निघालेली आणि वाटेंत झुडुपापाशीं पडून मेलेली. विणकराच्या एकेका मोहरेचा हिशेब देणाऱ्या लेखिकेनें ह्या बाईच्या जगण्यास बाराव्या प्रकरणांतील कांहीं पानांपलीकडे जागा दिली नाहीं, म्हणून तिला पुस्तक आवडलें नाहीं.

ह्यास काय उत्तर द्यावें, तें आम्हांस अद्यापि सुचलेलें नाहीं. उत्तरपत्रिका जपून ठेविली आहे, आणि बारावें प्रकरण आम्ही पुनः वाचीत आहों.