माथेरान चढताना दम का लागतो?

डोंगरावर फिरायला जाणे हे पैसेवाल्यांचे काम, असे आपल्या वस्तीत अजून मानले जाते. आपली सुट्टी लग्नकार्यात नाहीतर दवाखान्यात जाते. पण माथेरानला जायचे तर रिसॉर्टची खोली घेतलीच पाहिजे असे नाही. कर्जत लोकलने नेरळला उतरावे, शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठावा. पुढे मोटारगाड्यांना बंदी आहे. लाल मातीच्या वाटेने अडीच-तीन किलोमीटर चालले की बाजारपेठ येते. शार्लोट तलाव, इको पॉइंट, लुईझा पॉइंट पायी पाहून संध्याकाळी परतता येते. डबा घरचाच न्यावा; फक्त माकडांपासून जपावा.

महिलांना सहलीला नेताना आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. पहिल्याच चढाला दोघी-तिघी खाली बसतात आणि म्हणतात, "ताई, वरची हवा विरळ असते ना, म्हणून धाप लागते." माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर. एवढ्या उंचीवर हवा दम लागण्याइतकी विरळ होत नाही. चालण्याची सवय नसेल तर थोडा दम लागणारच. पण थोड्या चढालाच धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर बऱ्याचदा कारण रक्तात असते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. सगळ्यांना वाढून उरलेले खाणाऱ्या बाईला तो घरातही असतो, पण कामाच्या रगाड्यात कळत नाही. डोंगर तो दाखवून देतो.

दुसरे कारण पाणी. वाटेत संडास मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, पायात गोळे येतात, लघवीला जळजळ होते. बाजारपेठ सोडण्याआधी जाऊन यावे, पण पाणी तोडू नये. दर थोड्या वेळाने घोट-दोन घोट घेत राहावे.

मधुमेह असेल तर उपाशी चालू नये. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. रक्तदाबाची गोळी सहलीच्या दिवशीही चुकवू नये. छातीत दुखले तर "थोडेच राहिले" म्हणत पुढे जाऊ नये. तिथेच बसावे आणि मदत मागावी.

ज्यांना चालवत नाही, त्यांनी संकोच न करता दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून छोटी रेल्वे घ्यावी. माथेरानला वर्षानुवर्षे माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. चढावर ओझे ओढून त्यांची छाती आणि गुडघे कसे झिजले असतील, हे आपल्या कष्टकरी घरांना वेगळे सांगायला नको.

सहलीची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करावी. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या दिल्या तर रोज घ्याव्यात, त्यांच्यावर लगेच चहा पिऊ नये. रक्त भरायला वेळ लागतो. रोज अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगाने चालावे. शेजारणीलाही सोबत घ्यावे.