पार्श्वभूमी नाही, मग रीनॉर्मलायझेशन कशाला?

०.२७४ हा आकडा कोलकात्यात निघाला. सॉल्ट लेकमधल्या साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्समध्ये अमित घोष आणि पार्थसारथी मित्र यांनी २००४-०५ मध्ये कृष्णविवराच्या क्षितिजावर किती क्वांटम अवस्था मावतात याची मोजणी केली. त्या मोजणीतून लूप क्वांटम गुरुत्वाकर्षणातल्या, क्षेत्रफळाच्या तुकड्याचं माप ठरवणाऱ्या बार्बेरो-इमिर्झी स्थिरांकाची ही किंमत मिळाली. त्याच सुमारास पोलंडमधल्या शास्त्रज्ञांनी थोड्या वेगळ्या रीतीने मोजणी करून सुमारे ०.२३७ ही किंमत काढली. कोणत्या अवस्था मोजायच्या, यावरून हा फरक पडला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मला त्याहून मोठा वाटतो तो दोन्ही आकड्यांच्या पोटातला प्रश्न : ही किंमत काढताना न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक कोणत्या पातळीवरचा घेतला?

हा प्रश्न रीनॉर्मलायझेशनचा आहे. आणि या विषयाबद्दलचे गैरसमज विज्ञान आवडीने वाचणाऱ्यांमध्येही घट्ट रुजलेले आहेत.

गैरसमज : रीनॉर्मलायझेशन म्हणजे अनंत आलेली उत्तरं झाकण्याची हातचलाखी.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ झाली तेव्हा असं वाटायला कारण होतं. खुद्द डिरॅक यांना ती शेवटपर्यंत पटली नाही. पण १९७० च्या दशकात केनेथ विल्सन यांनी तिचा खरा अर्थ उलगडला, आणि त्या कामासाठी १९८२ चं नोबेल त्यांना मिळालं. आपण किती बारकाईने पाहतो त्यानुसार निसर्गातल्या बलांची ताकद वेगळी भरते. विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा अंक दुरून मोजला तर १/१३७ येतो; झेड कणाच्या ऊर्जेइतक्या ऊर्जेला, म्हणजे फार जवळून मोजला तर सुमारे १/१२८. इलेक्ट्रॉनभोवती क्षणभर उमटणाऱ्या कण-प्रतिकणांच्या जोड्या त्याचा विद्युतभार काही अंशी झाकतात, म्हणून हा फरक पडतो. तो प्रयोगात मोजलेला आहे. बारीक तपशिलांची बेरीज करत करत मोठ्या पातळीवरचे नियम काढणं, हे रीनॉर्मलायझेशनचं मूळ काम. अनंत उत्तरं आली नाहीत तरी ते करावंच लागतं. पुढचा सगळा मुद्दा या एका वाक्यावर उभा आहे.

गैरसमज : गुरुत्वाकर्षणाचं क्वांटम गणित करताच येत नाही.

करता येतं, पण ते एका मर्यादेपर्यंतच पुरतं. १९७४ मध्ये टूफ्ट आणि वेल्टमन यांनी दाखवलं की पदार्थविरहित गुरुत्वाकर्षण क्वांटम दुरुस्त्यांच्या पहिल्या पायरीवर तगतं, पदार्थ मिसळला की बिघडतं. १९८५ मध्ये गोरॉफ आणि सान्योत्ती यांनी दुसऱ्या पायरीवर पदार्थाविनाही अनंत येतं हे सिद्ध केलं. पुढच्या प्रत्येक पायरीला नवे स्थिरांक लागतात आणि ते कधी संपत नाहीत. त्यामुळे प्लांक लांबीपाशी, म्हणजे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात इतक्या मीटरपाशी, भाकीत करण्याची ताकदच उरत नाही. मोठ्या अंतरावर मात्र उत्तर निश्चित आहे. जॉन डोनह्यू यांनी १९९४ पासून उभ्या केलेल्या मार्गाने न्यूटनच्या नियमातली क्वांटम दुरुस्ती काढता येते. एक मीटर अंतरावर ती साधारण ३ गुणिले १० चा उणे ७० वा घात एवढी भरते. कोणत्याही उपकरणाच्या आवाक्याबाहेरची, तरीही नेमकी.

गैरसमज : पार्श्वभूमी-निरपेक्ष सिद्धांतात सर्वांत लहान क्षेत्रफळ ठरलेलं असतं, म्हणून तिथे रीनॉर्मलायझेशनची गरज नाही.

हा सर्वांत पसरलेला गैरसमज, म्हणून इथे थोडं थांबू.

इतर बलांचा क्वांटम सिद्धांत एका स्थिर, सपाट अवकाश-कालावर मांडलेला असतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात अवकाश-काल स्वतःच वाकतो, हलतो. आधीपासून ठरलेलं असं काहीच नसतं. आइन्स्टाइनची ती अट क्वांटम सिद्धांतातही पाळायची, हा लूप क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा आग्रह. त्याची दारं उघडली अभय अष्टेकर यांनी. खानदेशातल्या शिरपूरला जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये मांडली. त्यावरून रोवेल्ली आणि स्मोलिन यांनी १९९५ मध्ये दाखवलं की क्षेत्रफळ सलग नसतं, ठरावीक तुकड्यांनीच वाढतं.

तुकडा आला की अनंत टळतं, हे खरं. पण दोन कामं उरतात. पहिलं असं की सिद्धांताचा गतिनियम लिहिण्याच्या अनेक रीती आहेत, आणि त्यातली कोणती खरी हे तुकडेपणा सांगत नाही. जुन्या गणितात न संपणारे स्थिरांक यायचे, इथे न संपणारे पर्याय येतात. माझ्या मते ही तीच अडचण आहे, फक्त जागा बदलून बसलेली. दुसरं काम म्हणजे त्या तुकड्यांपासून आपल्या ओळखीच्या सलग अवकाश-कालापर्यंत पोचणं. दोन्हींना रीनॉर्मलायझेशनच लागतं.

कोलकात्याच्या मोजणीत हे स्वच्छ दिसतं. क्षितिजाचं क्षेत्रफळ तुकड्यांनी बनतं, आणि तुकड्याचा आकार बार्बेरो-इमिर्झी स्थिरांक गुणिले प्लांक लांबीचा वर्ग अशा प्रमाणात असतो. ठरावीक क्षेत्रफळ किती प्रकारे बनतं ते मोजलं की एंट्रॉपी मिळते. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या सूत्रानुसार ती प्लांक एककातल्या क्षेत्रफळाच्या एक-चतुर्थांश असायला हवी, आणि ती तशी यावी म्हणून स्थिरांक ०.२७४ घेतला जातो. म्हणजे ते भाकीत नव्हे, जुळवणी आहे. पण प्लांक लांबीत न्यूटनचा स्थिरांक दडलेला असतो. तुकड्यांची मोजणी अतिसूक्ष्म पातळीवरची, तर हॉकिंग यांच्या सूत्रातला स्थिरांक प्रयोगशाळेत आणि आकाशात मोजलेला. दोन्ही एकच आहेत हे कोणी सिद्ध केलं? टेड जेकबसन यांनी २००७ मध्ये नेमकं हेच विचारलं : मधल्या प्रवासात न्यूटनचा स्थिरांक आणि क्षेत्रफळ दोन्ही बदलत असतील, तर ही तुलनाच अपुरी ठरते. पुढे २०११ मध्ये अमित घोष यांनीच अलेहांद्रो पेरेझ यांच्याबरोबर क्षितिजालगतच्या निरीक्षकाच्या दृष्टीने गणित मांडलं. त्यात ठरावीक किंमत निवडण्याची सक्ती उरत नाही. जेकबसन यांचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

गैरसमज : पार्श्वभूमी नसेल तर मोजपट्टीही नाही, मग लहान आणि मोठी पातळी हे बोलणंच निरर्थक.

ही शंका खोल आहे आणि अर्धी बरोबरही आहे. स्पिन फोम, म्हणजे लूप सिद्धांताचं अवकाश-कालाच्या जाळीवर मांडलेलं रूप; त्यात जाळीची भौमितिक मापं हीच चल राशी असतात, त्यांच्या सगळ्या किमतींवर बेरीज करायची असते. त्यामुळे जाळीचं अंतर मीटरमध्ये सांगता येत नाही. बियांका डिट्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. पातळी म्हणजे लांबी नव्हे, तर सीमेवर दिलेल्या तपशिलांची संख्या. थोड्या तपशिलांवरून काढलेलं उत्तर अधिक तपशिलांवरून काढलेल्या उत्तराशी जुळायला हवं, ही अट लावत लावत पुढे जायचं. लांबी उत्तरातून शेवटी निघते, सुरुवातीला गृहीत धरावी लागत नाही. जाळीमुळे मोडलेलं, निर्देशक कसेही निवडण्याचं स्वातंत्र्य या प्रवासाच्या स्थिर बिंदूपाशी परत मिळावं, अशी अपेक्षा असते. बेंजामिन बार आणि सेबास्टियन स्टाइनहाउस यांना २०१६ मध्ये, फक्त इष्टिकाचितींपुरत्या मर्यादित अशा चौमितीय प्रतिमानात, तशा बिंदूच्या खुणा संगणकावर दिसल्या.

दुसरा गट अवकाश-कालाचे छोटे चौमितीय तुकडे यदृच्छया जोडून बेरीज करतो. आंबियोर्न, युर्किएविच आणि लॉल यांना २००४ मध्ये अशा बेरजेतून मोठ्या पातळीवर चार मितींचं विश्व मिळालं. २००५ मध्ये तेच विश्व फार लहान पातळीवर जवळपास दोन मितींचं भासलं. आधीपासून कोणताही आकार न देता, वेगवेगळ्या पातळ्यांवर वेगवेगळी भूमिती! या क्षेत्रातलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं फलित हेच.

गैरसमज : असिम्प्टोटिक सेफ्टी पार्श्वभूमी वापरते, म्हणून ती या चर्चेत बसत नाही.

अतिसूक्ष्म पातळीकडे जाताना गुरुत्वाचे स्थिरांक अनंताकडे न जाता एका स्थिर बिंदूपाशी थांबतात, ही असिम्प्टोटिक सेफ्टीची कल्पना. वाइनबर्ग यांच्या १९७० च्या दशकातल्या या कल्पनेला मार्टिन रॉयटर यांनी १९९८ मध्ये गणिती बळ दिलं. त्यात पार्श्वभूमी येते ती मदतीपुरती. ती कोणतीही घेता येते आणि अंतिम उत्तर तिच्यावर अवलंबून राहता कामा नये. ही अट पूर्णपणे पाळणं कठीण जातं, एवढंच.

गैरसमज : अशोक सेन यांनी लूप सिद्धांत खोटा ठरवला.

सेन हे मूळचे कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये साध्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या एंट्रॉपीतली लॉगरिदमी दुरुस्ती, म्हणजे क्षेत्रफळाच्या लॉगरिदमच्या प्रमाणातलं छोटं पद, काढली आणि ती लूप सिद्धांतातल्या उपलब्ध उत्तराशी जुळत नसल्याचं दिसतं, असं नोंदवलं.

ही दुरुस्ती इतकी मोलाची का? न्यूटनचा स्थिरांक पातळीनुसार बदलला तर मुख्य पद बदलतं, पण लॉगरिदमच्या आधीचा गुणक हलत नाही. म्हणजे जेकबसन यांच्या शंकेची झळ त्याला लागत नाही. लूप सिद्धांताच्या आतही तो एक नाही. रमेश कौल आणि पार्थसारथी मजुमदार यांनी २००० मध्ये चेन्नईत उणे ३/२ काढला. घोष-मित्र यांच्या मोजणीत तो उणे १/२ येतो. अवस्थांवर कोणती सममिती लादायची, यावर तो फरक ठरतो.

सेन यांचा गुणक मात्र वस्तुमानहीन क्षेत्रांच्या, म्हणजे प्लांक लांबीपासून कृष्णविवराच्या आकारापर्यंत सर्व पातळ्यांवरच्या हालचालींतून येतो. लूप सिद्धांतातली मोजणी केवळ क्षितिजावरच्या अवस्थांची आहे. बाहेरच्या गुरुत्व-तरंगांचा वाटा तिच्यात धरलेला नाही. दोन्हींची न्याय्य तुलना करायची तर क्षितिजावरच्या तुकड्यांपासून सुरुवात करून तो वाटा पातळी-पातळीने मिळवत जावं लागेल. तसं केल्यावरही सेन यांचा गुणक आला नाही, तर लूप सिद्धांताला त्याचं उत्तर द्यावं लागेल.