रंग यंत्राचा, आठवण आपली

१९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती आणि शिकण्याची जिद्द, एवढीच त्यांची शिदोरी होती. वय अवघे बावीस वर्षे. तेव्हाचे ते शहर कसे दिसत होते, हे आज आपल्याला घरबसल्या पाहता येते.

बाबासाहेब जाण्याच्या दोनच वर्षे आधी, १९११ साली, एका स्वीडिश कंपनीच्या कॅमेरामननी न्यूयॉर्कचे चित्रण केले होते. बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, खांबांवरून धावणारी रेल्वे, घोडागाड्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या मोटारी. एका मोटारीत पुढच्या बाजूला एक लहान मुलगी अगदी कंटाळून बसली आहे. ही फिल्म तेथील आधुनिक कला संग्रहालयाने जपली. २०२० साली डेनिस शिर्याएव या तंत्रज्ञाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ती स्वच्छ व रंगीत केली. ती पाहताना आमचे मन भरून आले. अशाच रस्त्यांवरून आपले बाबासाहेब चालले!

हे होते कसे? त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण सोळा चित्रे निघत. तीच फिल्म पुढे जास्त वेगाने दाखवली की माणसे तुरुतुरु पळताना दिसत. आता संगणक दोन चित्रांच्या मध्ये बसेल असे नवे चित्र स्वतः तयार करतो, त्यामुळे चाल सुरळीत होते. ओरखडे आणि डागही तो पुसतो. रंग भरण्यासाठी त्याला असंख्य रंगीत चित्रे दाखवून शिकवलेले असते. आकाश निळे, पाने हिरवी, हे तो शिकतो. पण कोणाचा कोट तपकिरी होता की जांभळा, हे काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये नसतेच. तेथे संगणक अंदाज करतो. म्हणूनच काही इतिहासकारांनी अशा रंगकामावर आक्षेप घेतला आहे.

हा आक्षेप आम्हाला आपल्याच वस्तीत पटला. एका घरी १९५६ साली धम्मदीक्षेसाठी नागपूरला निघालेल्या गावकऱ्यांचा फोटो आहे. नातवाने हौसेने तो मोबाईलवर रंगीत केला. बायकांची लुगडी गुलाबी, निळी झाली. आजी म्हणाल्या, "अरे बाळा, माझ्या आईचं लुगडं पांढरं होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच पांढरं होतं."

त्या पांढऱ्या रंगाला अर्थ होता. दीक्षेला शुभ्र वस्त्रे नेसून यायचे होते. यंत्राला हे ठाऊक नव्हते, आजींना होते. उद्या आजी नसतील आणि गुलाबी लुगडे मात्र उरेल. मग नातवंडांची मुले तेच खरे मानतील. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिलाच नाही, त्याने तो अंदाजावर कसा सोडावा?

तंत्राला आमचा विरोध नाही. मुलांनी ते जरूर शिकावे. मात्र मूळ फोटो, मूळ फिल्म फेकू नये. रंगीत प्रतीवर 'रंग अंदाजाने भरले आहेत' असे लिहावे. मूळ फोटोच्या मागे साल, गाव, नावे आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेले खरे रंग नोंदवावेत. केवळ ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. डोळ्यांना दिसते त्यालाही हाच नियम लावू या.

येत्या रविवारी घरातली जुनी पेटी उघडा आणि आजी-आजोबांना शेजारी बसवा.