म्हाताऱ्या आगबोटी कुठे जातात?

कचारगडच्या डोंगराला हे नाव तिथल्या कच्च्या लोखंडावरून पडले, असे सांगतात. सालेकसा तालुक्यातला हा डोंगर, त्याच्या पोटातली ती प्रचंड गुहा आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणारी गोंडी बांधवांची यात्रा आपल्या भागात कुणाला ठाऊक नाही? दरेकसा स्टेशनात गाडी थांबली की मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून आलेली माणसे गळ्यात पिवळे दुपट्टे घालून उतरतात आणि धनेगावच्या वाटेला लागतात. यात्रेत एकीकडे विळे, कुऱ्हाडी मांडून लोहार बसलेला असतो. अशाच एका दुकानापाशी आमच्या ओळखीच्या एका ताईने मला विचारले, "साहेब, मुलाकडे मुंबईला गेली होती, तेव्हा भाऊच्या धक्क्यावर माणसं नेणाऱ्या बोटी पाहिल्या. त्या जुन्या झाल्या की त्याईचं काय करतात? बैलासारख्या बाजारात नेतात काय?"

शेजारची मंडळी हसली. पण ताईंचा अंदाज अगदी बरोबर होता. म्हाताऱ्या बोटीचाही बाजार भरतो, तिचेही वजन पाहून मोल ठरते आणि थकल्या बैलाप्रमाणे तिलाही कधी कधी असा मालक भेटतो की जो तिला आणखी चार वर्षे जुंपू पाहतो. समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर असला तरी ही हकीकत धानाच्या बांधीत राबणाऱ्यानेही ऐकण्याजोगी आहे, कारण हे लोखंड फिरत फिरत आपल्या दारापर्यंत येते.

बोट म्हातारी होते म्हणजे काय, ते आधी पाहू. लोखंडी नांगर पावसात उघड्यावर ठेवला तर एका हंगामात त्यावर तांबूस थर चढतो. बोट तर जन्मभर खाऱ्या पाण्यात उभी. तिचा पत्रा आतून बाहेरून झिजत जातो. म्हणून ठरावीक वर्षांनी तिला कोरड्या गोदीत ओढून घेतात, तळ खरवडतात आणि पत्र्याची जाडी यंत्राने मोजतात. जिथे पत्रा पातळ झाला तिथे नवा जोडावा लागतो. बोटीचे वय २५-३० वर्षांच्या पुढे गेले की हा दुरुस्तीचा खर्च इतका वाढतो की तिकिटाच्या पैशातून तो निघत नाही. विमा कंपनीही कुरकुर करू लागते. कधी बोट धडधाकट असते, पण नदीवर पूल होतो, रस्ता होतो आणि उतारूच उरत नाहीत. बांगलादेशात पद्मा नदीवरचा मोठा पूल २५ जून २०२२ रोजी सुरू झाला आणि ढाक्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटींची गर्दी बघता बघता ओसरली.

आपल्या महाराष्ट्रात असेच कोकणात झाले. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे करीत पणजीला पोचत असे. ‘चंपावती’, ‘रोहिणी’, पुढच्या काळातल्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. पुष्कळ बंदरांत धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही आणि बायामाणसे, पोरेबाळे, आंब्याच्या पेट्या हे सारे पडावात उतरवून काठाला आणावे लागे. पुढे मुंबई-गोवा रस्ता सुधारला, एसटी गावोगाव पोचली. १९८० चे दशक सरल्यावर ती जुनी बोटसेवा राहिली नाही. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली ती त्यानंतर, १९९८ साली.

सगळ्याच बोटींना म्हातारपण लाभते असेही नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट भर पावसात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोट अवघी ११ वर्षांची होती. म्हणजे वय हेच सर्व काही नव्हे. किती माणसे चढवली आणि कोणत्या हवेत सोडली, हेही पाहावे लागते.

आता बाजाराकडे वळू. म्हाताऱ्या बोटींचा आपल्या देशातला सर्वांत मोठा बाजार म्हणजे गुजरातेत भावनगरजवळचे अलंग. तिथे १९८३ पासून जहाजे तोडली जातात. ही जागा निवडली ती समुद्राच्या एका गुणामुळे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतले अंतर फार मोठे असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्याकडे सोडतात. ते चिखलात रुतून बसते. ओहोटी लागली की एवढे अजस्र धूड कोरड्यावर उभे! ना गोदी लागते, ना ती बांधण्याचा खर्च. मुंबईत दारूखान्यालाही हे काम चालते. आपल्या नौदलाची प्रसिद्ध ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तिथेच तोडली गेली.

जहाजाची किंमत ठरते ती त्याच्या रिकाम्या वजनावर, टनाला अमुक डॉलर अशी. शेवटच्या प्रवासाला निघण्यापूर्वी बहुधा ते मधल्या दलालाच्या हाती जाते. तो झेंडा बदलतो आणि जुन्या नावातली काही अक्षरे रंगाने पुसून एक नवेच आखूड नाव तयार करतो. ज्या नावाने तिला हजारो माणसे ओळखत होती, ते नावसुद्धा बिचारीबरोबर जात नाही.

तोडणीचे काम गॅसच्या कटरने होते. आधी पलंग, कपाटे, आरसे, भांडी, गाद्या, दरवाजे, दिवे काढून घेतात. माणसांच्या बोटीत हा माल भरपूर निघतो. अलंगला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो विकणारी दुकाने ओळीने लागलेली आहेत. मग वायरी, पंप, जनरेटर, साखळदंड. मग पत्र्याचे मोठमोठे तुकडे कापून खाली पाडतात आणि यारीने ओढून काठाला आणतात. चांगला पत्रा वितळवीत नाहीत. भट्टीत लाल करून रुळांमधून काढतात आणि त्याच्या सळ्या, पट्ट्या बनवतात. बाकीचे भंगार पोलाद कारखान्यात वितळते. एक टन भंगारापासून पोलाद केले तर सुमारे १४०० किलो कच्चे लोखंड आणि ७४० किलो कोळसा वाचतो. तेवढाच एखादा डोंगर कमी खणावा लागतो. कचारगडसारख्या डोंगराच्या सावलीत राहणाऱ्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. जहाजाचा पत्रा मऊ पोलादाचा असतो. फाटक, ट्रॉलीचा साटा, पाण्याची टाकी यांना तो उत्तम. पण विळ्या-कुऱ्हाडीला त्याचा उपयोग नाही, कारण त्याला पाणी देऊन धार टिकत नाही. म्हणूनच आपला लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या शोधात असतो, आणि तो बरोबर आहे. घराच्या स्लॅबसाठी सळई घेताना मात्र स्वस्त पडते म्हणून कुठलीही उचलू नये. आयएसआयची खूण पाहून आणि पावती घेऊनच ती घ्यावी.

आणि आता या धंद्याची काळी बाजू. जुन्या बोटींत आग पसरू नये म्हणून नळांभोवती, भिंतींत, छतात अ‍ॅस्बेस्टॉस भरलेले असे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर छातीत जातात आणि २०-४० वर्षांनी दम लागणारा फुप्फुसांचा आजार जडतो किंवा कर्करोग होतो. तेव्हा कोणत्या बोटीने हे केले, हे सिद्ध करायला त्या मजुराजवळ काय असते? अलंगचे मजूर बहुतेक ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडमधले. आपल्यासारखीच कोरडवाहू घरची मुले.

डेन्मार्क देशातली १९५४ साली बांधलेली एक बोट होती, ‘कोंग फ्रेडरिक नववा’. रेल्वेचे डबे आणि माणसे समुद्रापार नेण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले. २००५ मध्ये ती ‘रिकी’ या नव्या नावाने अलंगला आली. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे, ती घेऊ नका, असे खुद्द डेन्मार्कच्या पर्यावरणमंत्र्यांनी आपल्या सरकारला कळवले होते. तरी ती आली आणि तुटली. ज्या देशाने तिच्यावर कमाई केली त्याने तिच्या मरणाचा खर्च करायचा, की आपण? हा प्रश्न तेव्हा धसास लागला नाही. पुढच्याच वर्षी ‘ब्लू लेडी’ नावाचे प्रचंड उतारू जहाज आले, त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २००७ मध्ये तोडण्यास परवानगी मिळाली. अशा वादांतून हळूहळू नियम आले. आपल्याकडे २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा झाला. हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून लागू झाला असून, जहाजात कोणते घातक पदार्थ कुठे आहेत याची यादी आता तोडणीआधी तयार असावी लागते. कायदा चांगला आहे. तो चिखलात उभ्या असलेल्या पोरापर्यंत किती पोचतो, यावर त्याची खरी परीक्षा.

आपल्यापैकी कित्येकांच्या गोठ्यावरही जुने सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांतही हेच अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते पत्रे कोरडे कापू नयेत, घासू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत. काढावेच लागले तर आधी पाणी मारून ओले करावेत, नाकातोंडाला नीट बसणारा मास्क लावावा, पत्रे अख्खेच उतरवावेत आणि लेकरांना तेवढा वेळ दूर ठेवावे.

तोडली गेलेली बोट निदान कुणाला बुडवीत तरी नाही. खरी भीती आहे ती विकल्या गेलेल्या बोटीची. श्रीमंत देशात निवृत्त झालेली बोट दुसऱ्या देशात विकली जाते, रंग लागतो आणि ती पुन्हा माणसे भरू लागते. जपानमध्ये १९६३ साली बांधलेली एक बोट १९७५ मध्ये फिलिपिन्सच्या कंपनीने घेतली. जपानमध्ये तिच्यावर ६०८ उतारूंची परवानगी होती. तिकडे ती दीड हजारांवर गेली. ‘डोना पाझ’ हे तिचे शेवटचे नाव. २० डिसेंबर १९८७ च्या रात्री, नाताळासाठी घरी निघालेल्या माणसांनी ती खच्चून भरलेली असताना, तेलवाहू जहाजाशी तिची टक्कर झाली. आग लागली. चार हजारांहून अधिक माणसे गेली. कागदावर नाव नसलेलेच त्यांत जास्त होते.

दक्षिण कोरियाची ‘सेवोल’ ही बोटही जपानचीच, १९९४ ची. २०१२ मध्ये जपानने ती सेवेतून काढली, तेव्हा कोरियातल्या मालकाने ती घेऊन वरच्या बाजूस जादा खोल्या बांधल्या. बोट वरून जड झाली. आपण बंडीवर तणस उंच रचतो तेव्हा उतारावर ती कशी कलते ते आठवा, म्हणजे झाले. खाली तोल धरणारे पाणी कमी ठेवले, माल जास्त भरला, तोही नीट बांधला नाही. १६ एप्रिल २०१४ रोजी ती कलंडली. ३०४ जीव गेले, त्यांत शाळेच्या सहलीला निघालेली मुलेच अधिक.

काही थोड्या बोटींचे नशीब मात्र चांगले निघते. १९४४ साली स्कॉटलंडात बांधलेली ‘भोपाळ’ ही चाकाची आगबोट कोलकाता बंदराने दुरुस्त करून हुगळीत जपली आहे. आपल्या सिंधुदुर्गात नौदलाचे निवृत्त जहाज ‘गुलदार’ निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना निघाली. अशा जहाजावर पुढे प्रवाळ वाढतात, मासे आसरा घेतात. पण हे भाग्य हजारांत एखाद्या बोटीचे.

आपल्याकडे आगबोटी नाहीत, पण नावा आणि डोंगे आहेत. वैनगंगेच्या काठची कितीतरी गावे शेताला, बाजाराला, मजुरीला अजूनही नावेतून जातात. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी बुडाल्या. मोठ्या बोटीची जाडी मोजायला माणूस येतो, कागद होतात. आपल्या घाटावरची नाव बाद झाली हे कोण ठरवणार? ज्याची नाव त्याचे पोट तिच्यावर. म्हणून हा निर्णय एकट्या नावाड्यावर टाकू नये. पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीने नाव काठावर उलटी करून पाहावी. फळ्यांच्या सांध्यात सुरी सहज शिरते का, खिळ्याभोवतीचे लाकूड काळे व भुसभुशीत झाले का, डोंग्याला तळाशी चीर गेली का, हे पाहायला शिकलेला इंजिनिअर लागत नाही. किती माणसे बसायची तो आकडा नावेच्या कडेवर रंगाने लिहावा आणि हंगामाच्या घाईतही तो मोडू नये. हवा भरलेले मोटारीचे ट्यूब प्रत्येक खेपेला नावेत असावेत. बुडणाऱ्याला धरायला तेवढे तरी हाताशी हवे.

आणि बाद ठरलेली नाव घाटावर तशीच सोडू नये. रात्री मासे धरायला कुणीतरी पोर ती पाण्यात लोटतेच. तळाच्या दोन फळ्या त्याच दिवशी काढून घ्याव्यात. उरलेले लाकूड गोठ्यात गव्हाणीला छान लागते.